संगणकाची स्मृति आणि त्याचा पडदा

घरांतील संगणक जुना झाला म्हणजे त्याचें काय करावें, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांपुढें उभा राहिला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीला सर्वसाधारणपणें मिळणारा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीनें थांबविला. पुढच्या प्रणालीच्या अटींत न बसणारीं यंत्रें धडधाकट असूनहि आतां भंगारांत काढावीं लागणार कीं काय, अशी धास्ती अनेकांस वाटली, आणि त्यांपैकीं कित्येकांनीं लिनक्सची वाट धरली. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जिचा गाभा लिहावयास घेतला, ती ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरहि समाधानानें चालते. परंतु ती बसवून होते न होते तोंच दोन तक्रारी वारंवार कानीं येतात. पहिली अशी कीं, यंत्रांत आठ जीबी रॅम असतां लिनक्स सातच, किंवा कधीं कधीं तीनच, दाखवितो. दुसरी अशी कीं, मॉनिटर भला मोठा असून त्यावरील अक्षरें मात्र फुगलेलीं आणि पुसट दिसतात.

या दोन्ही तक्रारींवर बाजारांत जो उपाय सांगितला जातो तो बहुधा पैशाचा असतो. रॅम बदला, मॉनिटर बदला, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्रच बदला! ज्या घरीं एकाच संगणकावर मुलांचा अभ्यास, वडिलांचा पत्रव्यवहार आणि आईचा जमाखर्च चालतो, तेथें हा सल्ला महिन्याचा हिशेब उलटापालटा करणारा ठरतो. तो मानून आणलेली नवी रॅमहि जेव्हां पहिल्यासारखीच अर्धी दिसते, तेव्हां मनुष्य लिनक्सलाच दोष देऊन मोकळा होतो. म्हणून खिशांत हात घालण्यापूर्वीं रोगाचें निदान कसें करावें, याचा विचार आज श्रोत्यांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. त्यासाठीं फार मोठ्या विद्येची गरज नाहीं. थोडें गणित, थोडा धीर आणि प्रश्न क्रमानें विचारण्याची संवय एवढें पुरे आहे.

वरवर पाहतां रॅम आणि मॉनिटर यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. तथापि एका बाबतींत दोघांची रीत अगदीं सारखी आहे. दोन्ही वस्तू आपली ओळख आपल्या अंगावरच बाळगतात. रॅमच्या पट्टीवर मोठ्या चिपांशेजारीं एक अगदीं लहान चिप बसविलेली असते. आपली क्षमता किती, वेग किती, विजेचा दाब किती हवा, हें सर्व तींत कारखान्यांतच लिहून ठेवलेलें असतें. तंत्रज्ञ तिला एसपीडी म्हणतात. मॉनिटरच्या पोटांतहि अशीच एक लहान चिप असते. आपला निर्माता कोण, आपल्या पडद्याची लांबीरुंदी किती, आपल्याला कोणतें चित्र सर्वांत चांगलें मानवतें, हें तींत नोंदलेलें असतें; त्या नोंदीला ईडीआयडी म्हणतात. आणखी मौज अशी कीं, या दोन्ही चिपा वाचण्याची पद्धतहि एकाच घराण्यांतली आहे. फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढलेल्या, दोनच तारांवर चालणाऱ्या आय-टू-सी या संदेशपद्धतीपासून ती निघालेली आहे. एक तार ठोका देते आणि दुसरीवरून माहिती जाते.

ही ओळख आपल्या डोळ्यांपर्यंत येतांना मध्यें कित्येक हात बदलते. रॅमच्या पट्टीनें सांगितलेलें प्रथम यंत्राचें मूळ फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण बायोस किंवा यूईएफआय म्हणतों तें, ऐकतें. तें लिनक्सच्या गाभ्याला सांगतें. आणि गाभा तें आपल्यासमोरच्या खिडकींत मांडतो. मॉनिटरनें सांगितलेलें केबलींतून ग्राफिक्सच्या चिपेकडे जातें, तेथून तिच्या ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हरकडून डेस्कटॉपकडे. निरोप चुकला म्हणजे आपण शेवटच्या माणसावर रागावतों. परंतु तो कोणत्या हातांत हरवला हें शोधावयाचें असेल, तर प्रत्येकाला वेगळें गांठून 'तुला काय सांगण्यांत आलें होतें?' असें विचारलें पाहिजे. लिनक्सचा मोठा गुण हा कीं, त्यांत जवळजवळ प्रत्येक टप्प्याला असा प्रश्न विचारण्याची सोय आहे. हे प्रश्न टर्मिनल नांवाच्या खिडकींत टाइप करावयाचे असतात. आज्ञा रोमन लिपींत आणि लहान अक्षरांत लिहावयाच्या; मी येथें त्यांचे उच्चार सांगत आहें, आणि जेथें जरूर तेथें अक्षरें फोडून सांगेन.

प्रथम रॅम घेऊं. 'फ्री' ही आज्ञा लिहून, एक जागा सोडून, आडवी रेघ व तिला जोडून 'एच' हें अक्षर लिहावें. उत्तराच्या पहिल्या स्तंभांत एकूण रॅम दिसते. आठ जीबीच्या यंत्रावर तेथें साडेसात किंवा त्याच्या आसपासचा आंकडा दिसला तर घाबरण्याचें कारण नाहीं. लिनक्सला प्रत्यक्ष वापरावयास मिळालेली रॅम तेवढी तेथें मोजलेली असते. फर्मवेअर आपल्या कामासाठीं थोडा भाग आधींच राखून ठेवतें. ज्या यंत्रांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाहीं, तेथें प्रोसेसरांतील ग्राफिक्सचा भाग पडद्यासाठीं याच रॅममधून वांटा घेतो. कांहीं यंत्रांत हा वांटा बायोसमधून ठरवितां येतो, आणि कोणी तो दोन जीबीपर्यंत वाढवून ठेवला असेल तर आठांचे सहा झालेले दिसतात. गाभा स्वतःसाठींहि थोडी जागा घेतो. घर विकत घेणाऱ्यांना बांधीव क्षेत्र आणि चटईक्षेत्र यांतील फरक सांगावा लागत नाहीं. येथील फरक त्याच जातीचा आहे.

यांत मापांचा घोटाळा आणखी भर घालतो. जीबी हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. हार्ड डिस्क विकणारा हजाराच्या पटीनें मोजतो, आणि रॅम विकणारा १,०२४ च्या पटीनें. हा गोंधळ मिटविण्यासाठीं १९९८ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगानें दुसऱ्या मापाला गिबिबाइट हें वेगळें नांव दिलें. म्हणूनच लिनक्सच्या उत्तरांत 'जी' या अक्षरापुढें 'आय' हें अक्षर लागलेलें दिसतें. आठ गिबिबाइट म्हणजे हजाराच्या मापानें सुमारें ८.५९ जीबी होतात. एक कार्यक्रम एका मापानें आणि दुसरा दुसऱ्या मापानें बोलत असेल, तर कांहींहि न हरवतां कांहींतरी हरवल्याचा भास होतो.

त्याच उत्तरांत 'फ्री', म्हणजे मोकळी, या स्तंभाखालीं कधीं कधीं अगदीं क्षुद्र आंकडा असतो, आणि तो पाहून रॅम संपली असें समजून लोक दुकान गांठतात. वस्तुतः लिनक्स रिकामी रॅम रिकामी पडूं देत नाहीं. डिस्कवरून एकदां वाचलेलें पुन्हां लागेल म्हणून तो तें तींत जपून ठेवतो, आणि एखाद्या कार्यक्रमानें जागा मागितली कीं तें बाजूस सारून जागा करून देतो. पाहुणे नसतांना पाहुण्यांच्या खोलींत धान्याचीं पोतीं ठेवावीं, आणि पाहुणा दारांत उभा राहिला कीं तीं हलवावीं, तसा हा व्यवहार आहे. म्हणून पाहावयाचा तो 'अव्हेलेबल', म्हणजे उपलब्ध, हा शेवटचा स्तंभ. २०१४ सालच्या ३.१४ या आवृत्तीपासून हा अंदाज गाभा स्वतःच काढून देतो. तो आंकडा भरपूर असेल तर नव्या रॅमचा विचार सोडून द्यावा.

आतां खऱ्या हानीकडे येऊं. आठाच्या जागीं चाराच्या आसपासचा आंकडा दिसत असेल, तर एक अख्खी पट्टी गैरहजर असल्याचा संशय घ्यावा. अशा वेळीं 'सुडो' हा शब्द, मग 'डीएमआयडीकोड' हा एकच जोडशब्द, मग दोन आडव्या रेघांना जोडून 'टाइप', आणि शेवटीं 'मेमरी' अशी आज्ञा द्यावी. यंत्र परवलीचा शब्द विचारील. तो दिल्यावर प्रत्येक स्लॉटमध्यें कोणती पट्टी आहे, ती किती जीबीची आहे, आणि कोणता स्लॉट रिकामा आहे, याची यादी मिळते. ही आज्ञा फर्मवेअरनें लिहून ठेवलेले तक्ते वाचते, हें लक्षांत ठेवावें. त्या तक्त्यांतील मजकूर पुष्कळदां अपुरा किंवा चुकीचा असतो, असा इशारा तिच्या माहितीपुस्तिकेंतच दिलेला आहे. विशेषतः यंत्रांत जास्तींत जास्त किती रॅम बसेल, हा आंकडा निर्मात्याच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावा.

दोन पट्ट्या बसविलेल्या असतां या यादींत एकच दिसली, तर लिनक्स निर्दोष आहे. निरोप त्याच्यापर्यंत पोहोंचलाच नाहीं. बायोसच्या पडद्यावरहि तोच कमी आंकडा दिसेल. मग यंत्र बंद करून विजेची तार काढावी, लॅपटॉप असल्यास बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि उघड्या धातूला हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् उतरूं द्यावी. पट्टी काढून, तिच्या सोनेरी दांत्यांना बोट न लावतां, पुन्हां नीट दाबून बसवावी. खुंटी कट् असा आवाज करून बसली म्हणजे काम झालें. पुष्कळ यंत्रांचा रोग एवढ्यानेंच बरा होतो. नाहींच झाला, तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्यें घालून पाहावी. दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट यांच्या चार जोड्या होतात. एक पट्टी कोठेंहि घातली तरी दिसत नसेल, तर पट्टी खराब. एका स्लॉटमध्यें कोणतीहि पट्टी दिसत नसेल, तर स्लॉट खराब. मात्र कांहीं बोर्डांवर एकटी पट्टी ठराविक स्लॉटमध्येंच चालते, तेव्हां पुस्तिका पाहून मगच निकाल द्यावा. पट्टी दिसते पण यंत्र अधूनमधून अडखळतें, असें असेल तर मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य कार्यक्रम पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालूं द्यावा. २०२२ सालीं निघालेली त्याची सहावी आवृत्ति नव्या, यूईएफआयच्या यंत्रांवरहि चालते. तिनें चुका दाखविल्या तर त्या पट्टीवर घरची कागदपत्रें सोंपवूं नयेत.

यादींत दोन्ही पट्ट्या आहेत, पण 'फ्री' मात्र तीन किंवा साडेतीनच सांगतो, असेंहि घडतें. येथें निरोप फर्मवेअरपर्यंत बरोबर आला आणि पुढें अडला. याचें नेहमींचें कारण म्हणजे बसविलेली प्रणाली ३२ बिटांची असणें. 'यूनेम' लिहून आडवी रेघ व 'एम' लावावा. उत्तराच्या शेवटीं ६४ हा आंकडा आला तर ती ६४ बिटांची, आणि 'आय'पुढें ६८६ असें आलें तर ३२ बिटांची समजावी. रॅममधील प्रत्येक बाइटाला घरक्रमांक द्यावा लागतो. शून्य आणि एक या दोनच चिन्हांनीं बत्तीस अंकी क्रमांक लिहिले तर ते ४,२९,४९,६७,२९६ होतात, म्हणजे बरोबर चार गिबिबाइट. त्यांतूनहि वरच्या टोंकाचे कांहीं क्रमांक ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांसाठीं राखलेले असतात. त्यामुळें त्या क्रमांकांची रॅम जागेवर असूनहि बिनपत्त्याची होते, आणि पोस्टमनाला जें घर सांपडत नाहीं तेथें पत्र कसें पोहोंचणार?

यावर इंटेलनें १९९५ सालच्या पेंटियम प्रो या प्रोसेसरांत ३६ अंकी क्रमांकांची तोड काढली आणि मर्यादा चौसष्ट गिबिबाइटांवर नेली. परंतु त्यासाठीं गाभाहि तसा घडविलेला असावा लागतो. २००३ सालीं एएमडी कंपनीनें ६४ बिटांचे प्रोसेसर बाजारांत आणले, आणि पुढें तीच रीत सार्वत्रिक झाली. आपला प्रोसेसर त्या जातीचा आहे कीं नाहीं, हें 'एल-एस-सी-पी-यू' या पांच अक्षरांच्या आज्ञेनें कळतें. उत्तरांत ३२ आणि ६४ या दोन्ही बिटांचा उल्लेख असला म्हणजे झालें. मग आपलीं कागदपत्रें दुसरीकडे उतरवून ६४ बिटांची प्रणाली नव्यानें बसवावी. हा प्रसंग मुख्यतः जुन्या पेनड्राइव्हवरून प्रणाली बसविणाऱ्यांवर येतो, कारण उबुंटूनें डेस्कटॉपसाठीं ३२ बिटांची प्रत देणें २०१७ सालींच थांबविलें, आणि २०२५ सालच्या डेबियन १३ मध्येंहि ती बसविण्याची सोय राहिलेली नाहीं. ६४ बिटांची प्रणाली असूनहि आंकडा तीन-साडेतीनवरच अडला असेल, तर बायोसमध्यें 'मेमरी रीमॅप' या नांवाचा पर्याय शोधावा. जुन्या बोर्डांवर तो बंद ठेवलेला असल्यास चालू करावा. त्यानें बेपत्ता रॅमला चार जीबीच्या वरचे क्रमांक मिळतात.

दुसरें कारण अधिक मजेदार आहे. लिनक्स सुरू होतांना त्याला एका ओळींत कांहीं सूचना देतां येतात. 'कॅट' लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ, 'प्रॉक', पुन्हां तिरकी रेघ आणि 'सीएमडीलाइन' असें लिहिलें म्हणजे ती ओळ वाचावयास मिळते. तींत 'मेम' हा शब्द, बरोबरचें चिन्ह आणि एखादा आंकडा दिसला, तर एवढीच रॅम वापर असा हुकूम कोणीतरी कधींकाळीं दिलेला आहे आणि लिनक्स तो इमानानें पाळीत आहे. उबुंटू, मिंट, डेबियन यांत हा हुकूम 'ग्रब' नांवाच्या फाइलींत असतो. तेथून तो शब्द काढून 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी आणि यंत्र पुन्हां सुरू करावें.

आतां पडद्याकडे वळूं. आजचा सपाट मॉनिटर म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी होय. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका आडव्या ओळींत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी, मिळून २०,७३,६०० ठिपके. यालाच आपण रेझोल्यूशन म्हणतों. ही जाळी कारखान्यांत कायमची घडविलेली असते. संगणकानें तिच्याकडे १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचें चित्र पाठविलें, तर मॉनिटर तें ताणून जाळीवर बसवितो. एका ठिपक्याला आडवे १.८७५ आणि उभे सुमारें १.४१ ठिपके वांट्यास येतात. अपूर्णांकाचा ठिपका रंगवितां येत नाहीं, म्हणून कडा पसरतात, आणि दोन्ही दिशांचा ताण निराळा असल्यामुळें वर्तुळहि लांबोळें होतें. रोमन अक्षरांपेक्षां आपल्या देवनागरीला हा ताण अधिक जाचतो. रफार, अनुस्वार, ऋकार आणि जोडाक्षरांतील अर्धी अक्षरें लहान आकारांत दोन-तीन ठिपक्यांच्या आधारावर उभीं असतात. ते पसरले कीं 'प' आणि 'ष' यांतील भेद ओळखणें डोळ्यांना कठीण जातें. मुलें तासन् तास अशा पडद्यापुढें बसतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं, हें पटेल.

येथें एका जुन्या समजुतीचा निकाल लावला पाहिजे. रॅम कमी म्हणून रेझोल्यूशन कमी, असें पुष्कळांना वाटतें. १९९० च्या सुमारास, जेव्हां ग्राफिक्स कार्डावर एखादीच मेगाबाइट स्मृति असे, तेव्हां तें खरेंहि होतें. आज एका ठिपक्याला चार बाइट धरले तरी १९२० गुणिले १०८० चें अख्खें चित्र ८२,९४,४०० बाइटांत, म्हणजे सुमारें आठ मेगाबाइटांत मावतें. चार जीबीच्या यंत्राला हा भार कांहींच नव्हे. तेव्हां पडदा सुधारण्यासाठीं रॅम वाढविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणें नाकारावा.

मग खरें कारण कोठें शोधावें? प्रथम मॉनिटरच्या ओळखीकडे. ईडीआयडीचें मानक व्हेसा या संस्थेनें १९९४ सालीं ठरविलें. मूळ नोंद १२८ बाइटांची असते, आणि तिचा शेवटचा बाइट असा निवडतात कीं सर्वांची बेरीज २५६ नें निःशेष भागली जावी. वाटेंत एखादें अक्षर बिघडलें तर ही बेरीज जुळत नाहीं आणि नोंद संशयास्पद ठरते. मॉनिटर जोडलेला आहे पण त्याची नोंद आली नाहीं, अशा स्थितींत गाभा त्याला इजा न व्हावी म्हणून १०२४ गुणिले ७६८ पर्यंतचीच सुरक्षित चित्रें देऊं करतो. म्हणून रेझोल्यूशनच्या यादींत हाच आंकडा सर्वांत मोठा दिसत असेल, तर ओळखपत्र वाटेंत हरवलें असा तर्क करावा. तर्काची परीक्षाहि करतां येते. 'सिस'मधील 'क्लास'मधील 'डीआरएम' या फोल्डरांत प्रत्येक जोडणीसाठीं एक उपफोल्डर असतो आणि त्यांत 'ईडीआयडी' नांवाची फाइल असते. 'डब्ल्यू-सी', आडवी रेघ व 'सी', आणि मग त्या फाइलीचा पत्ता असें लिहिलें कीं तिचे बाइट मोजले जातात. उत्तर १२८ किंवा २५६ आलें तर नोंद पोहोंचली. शून्य आलें तर नाहीं.

शून्य आल्यास संशय केबलीवर घ्यावा. व्हीजीएच्या पंधरा पिनांच्या जोडणींत बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून ही ओळख जाते, आणि चित्र मात्र दुसऱ्याच पिनांवरून जातें. स्वस्त केबलींत या दोन तारा तुटक्या असल्या किंवा घातलेल्याच नसल्या, तरी चित्र दिसतें. त्यामुळें केबलीवर कोणाचा संशय जात नाहीं. एचडीएमआयचें व्हीजीए करणारे लहान अॅडॉप्टर आणि एकाच मॉनिटरला दोन यंत्रें जोडणाऱ्या स्विचच्या पेट्या हेहि कधीं कधीं हा निरोप गिळून टाकतात. मधलें सर्व काढून, दुसऱ्या चांगल्या केबलीनें, शक्य तर दुसऱ्या पोर्टांत, मॉनिटर सरळ जोडून पाहावा. शेजाऱ्याची केबल तासाभरासाठीं मागून आणली तरी निदान होतें.

ओळख पोहोंचली असूनहि चित्र लहान असेल, तर पुढचा साक्षीदार ड्रायव्हर. 'एल-एस-पी-सी-आय' लिहून आडवी रेघ व 'के' लावावा. यादींत व्हीजीए शब्दाची ओळ शोधावी, आणि तिच्याखालीं 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या शब्दांपुढें कांहीं नांव आहे कीं नाहीं तें पाहावें. इंटेलच्या यंत्रांत बहुधा आय९१५, एएमडीच्या यंत्रांत रेडिऑन किंवा एएमडीजीपीयू, आणि एनव्हिडियाच्या यंत्रांत नूव्हो किंवा त्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असतो. नांवच नसेल तर मघांची सुरुवातीची ओळ पुन्हां वाचावी. तींत 'नोमोडसेट' हा शब्द सांपडण्याचा फार संभव आहे. प्रणाली बसवितांना पडदा काळा पडूं नये म्हणून हा शब्द घालण्याचा सल्ला देतात, आणि बसवून झाल्यावर तो काढावयाचा राहतो. २००९ सालच्या २.६.२९ या आवृत्तीपासून चित्राची मांडणी करण्याचें काम गाभ्यानें हळूहळू आपल्याकडे घेतलें. हा शब्द त्याला तेंच काम करूं नको म्हणून सांगतो. तो काढला कीं कित्येक यंत्रांचा पडदा क्षणांत निवळतो. प्रयोग म्हणून एकदांच काढून पाहावयाचा असेल, तर यंत्र सुरू होतांना ग्रबच्या यादीवर 'ई' हें अक्षर दाबून ती ओळ बदलतां येते. परिणाम वाईट झाला तरी यंत्र पुन्हां सुरू करतांच पहिली स्थिति परत येते. याखेरीज ग्राफिक्सच्या चिपेला लागणारें फर्मवेअर नसणें, किंवा सिक्युअर बूटनें कंपनीच्या ड्रायव्हरला आंत न येऊं देणें, हींहि कारणें असतात. फर्मवेअरची अडचण डेबियनपुरती २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून पुष्कळ कमी झाली आहे, कारण तेव्हांपासून तें अधिकृत प्रतीबरोबरच मिळतें.

केबल बदलणें शक्य नाहीं आणि मॉनिटर आपली ओळख सांगतच नाहीं, अशा वेळीं त्याच्या वतीनें आपण ती सांगूं शकतों. जुन्या एक्स पद्धतीच्या डेस्कटॉपवर 'एक्सरँडआर' ही आज्ञा सर्व जोडण्या आणि त्यांना उपलब्ध चित्रें दाखविते. चालू असलेल्यापुढें तारका आणि मॉनिटरच्या आवडीच्यापुढें अधिकाचें चिन्ह असतें. नवें चित्र घालण्यासाठीं आधीं 'सी-व्ही-टी' ही आज्ञा, पुढें १९२० व १०८० हे आंकडे, देऊन चित्राचें कोष्टक मिळवावें. मग तेंच कोष्टक 'न्यूमोड' या शब्दानें एक्सरँडआरला सांगावें, 'अॅडमोड' या शब्दानें तें जोडणीला चिकटवावें, आणि शेवटीं 'आउटपुट' व 'मोड' या शब्दांनीं तें चालू करावें. कोष्टकाचा पहिला आंकडा १७३ मेगाहर्ट्झ येतो. दृश्य ठिपके १९२० गुणिले १०८० असले तरी हिशेब २५७६ गुणिले ११२० ठिपक्यांचा धरलेला असतो. नळीच्या मॉनिटरमधील किरणाला ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीच्या आरंभीं परतण्यास जो वेळ लागे, त्याची ही जागा आहे. परंतु साध्या, एका जोडीच्या डीव्हीआय केबलीची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणून हें कोष्टक तेथें नाकारलें जातें आणि सर्व विधि बरोबर करूनहि फळ मिळत नाहीं. सपाट पडद्याला किरणच नसल्यानें ही जागा कमी करतां येते. त्याच आज्ञेंत आडवी रेघ व 'आर' घातला कीं हिशेब २०८० गुणिले ११११ चा होतो आणि आंकडा १३८.५ वर येतो.

नव्या वेलँड पद्धतीच्या डेस्कटॉपवर एक्सरँडआरनें चित्र बदलतां येत नाहीं. फेडोरानें २०१६ पासून आणि उबुंटूनें २०२१ पासून ही पद्धत पुढें आणली आहे. आपल्याकडे कोणती आहे तें सेटिंग्जमधील यंत्राच्या माहितीच्या पानावर पाहावें. तेथें सुरुवातीच्या ओळींतच 'व्हिडिओ' हा शब्द, बरोबरचें चिन्ह, जोडणीचें नांव, विसर्गासारखीं दोन टिंबें आणि मग १९२०, एक्स, १०८० असें लिहून गाभ्यालाच सांगावें लागतें. नळीच्या मॉनिटरांच्या काळीं असे आंकडे हातानें लिहिणें धोक्याचें असे. चुकीच्या कंपनसंख्येनें मॉनिटर बिघडूं शके. आजचे सपाट मॉनिटर बहुधा मर्यादेबाहेरचें चित्र आलें असा संदेश दाखवून स्वस्थ बसतात.

कांहीं घरीं मात्र प्रकार उलटा असतो. पडदा अतिसूक्ष्म, ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा. त्यावर अक्षरें मुंगीएवढीं दिसतात, आणि आजोबांना वाचतां यावें म्हणून कोणीतरी रेझोल्यूशन उतरवून ठेवतो. अक्षरें मोठीं होतात आणि पुसटहि होतात. असें न करतां रेझोल्यूशन पूर्ण ठेवावें आणि सेटिंग्जमधील 'स्केल' शंभर टक्क्यांवरून दोनशेंवर न्यावा. म्हणजे तेंच अक्षर चौपट ठिपक्यांनीं रेखीव काढलें जातें.

शेवटीं पद्धतीविषयीं दोन शब्द. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वींचें उत्तर वहींत उतरवून ठेवावें. नाहीं तर गुण कोणत्या औषधानें आला हें कळत नाहीं. दुकानांत जावें लागलें तरी ही वही बरोबर न्यावी. फर्मवेअर किती रॅम सांगतें, गाभा किती सांगतो, मॉनिटरच्या नोंदीचे बाइट किती आले आणि ड्रायव्हरचें नांव काय, हीं चार उत्तरें ज्याच्या हातांत आहेत, त्याला रॅमची पट्टी, केबल आणि नवें यंत्र यांतून नेमकें काय हवें हें विक्रेत्यानें सांगावें लागत नाहीं. पुष्कळदां तर यांतलें कांहींच नको असतें, आणि जें यंत्र भंगारांत जावयाचें तें मुलांच्या अभ्यासाला आणखी कांहीं वर्षें उपयोगी पडतें.